त्रिनिदादच्या आजींचं मटण

लेकीच्या बाळंतपणाला जाताना आपण बॅगेत काय काय भरतो, ते तुम्हाला सांगायला नको. डिंक, अळीव, खारकेची पूड, बाळंतशोपा, घुटीचं सामान आणि जुन्या मऊ साड्यांची दुपटी. 2014 च्या मे महिन्यात हे सगळं बांधून मी निघाले ती थेट त्रिनिदादला. जावई तिथल्या पॉइंट लिसासच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि बिऱ्हाड जवळच्याच कूवा गावात. खरं सांगते, नकाशात त्रिनिदाद कुठं आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. हे मात्र लगेच म्हणाले, ''अगं, पोर्ट ऑफ स्पेन! 1971 साली आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते तिथंच. गावसकरचा पहिला कसोटी सामना तोच!'' पुरुषांचा भूगोल असा क्रिकेटवर चालतो.

मी गेले आणि पहिल्याच संध्याकाळी चकित झाले. शेजारच्या घरातली चार वर्षांची मुलगी कुंपणापाशी उभी राहून आत हाक मारत होती, ''आजी! आजी!'' मला वाटलं कुणी मराठी कुटुंब आहे. तसं नव्हतं. त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या घरांत वडिलांच्या आईला आजीच म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना आजा. आईच्या आईला नानी. भोजपुरी मुलखातून आलेले शब्द ते. घरात सगळे तिथलं वळणदार इंग्रजी बोलतात, पण नाती आणि स्वयंपाकघर यांची नावं तशीच राहिली आहेत. पोळी लाटायचं ते बेलना, भाजायचा तो तवा, वांगं म्हणजे बैगन, शेवगा म्हणजे सैजन, बटाटा म्हणजे आलू आणि जिऱ्याला तर इंग्रजी शब्दच कुणी वापरत नाही, गीराच म्हणतात.

ह्या शेजारच्या आजी तेव्हा 82 वर्षांच्या होत्या. ठेंगण्या, काटक, डोक्याला ओढणीसारखा रुमाल बांधलेला. साऱ्या गल्लीच्या त्या आजी, म्हणून माझ्याही आजीच झाल्या. त्यांच्याकडून मी जे मटण शिकले, त्याची कृती आज तुम्हाला द्यायची आहे. पण आधी माझी फजिती सांगते, म्हणजे ती तुमची व्हायची नाही.

30 मे हा तिथं सुट्टीचा दिवस असतो. 1845 साली याच तारखेला 'फातेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन त्रिनिदादला लागलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून पाच पाच वर्षांच्या करारावर आपल्याकडची माणसं न्यायला सुरुवात झाली. 1917 पर्यंत जवळजवळ दीड लाख माणसं तिथं गेली. बहुतेक बिहारची आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, काही मद्रासकडची. (आपल्या कोकणातली माणसं याच पद्धतीनं मॉरिशसला गेली, ती कहाणी निराळी.) आफ्रिकेला वळसा घालून तीन तीन महिने जहाजात, मग नेल्सन बेटावर उतरवून तपासणी, आणि तिथून मळ्यावर. परतीचा हक्क कागदावर होता, पण बहुतेक जण परतलेच नाहीत.

त्या सुट्टीनंतरच्या रविवारी आजींकडून आमच्याकडे एक झाकलेलं भांडं आलं. झाकण काढलं तर रस्सा पिवळसर तपकिरी, वर तेलाचा पातळ तवंग, लाल रंगाचा पत्ताच नाही. मला वाटलं, आजारी माणसाचं जेवण दिसतंय. पहिला घास घेतला आणि गप्प बसले. तिखट होतं, पण आपलं तिखट जिभेवर बसतं, ते नाकातून वर जातं. त्याला फळासारखा एक वास होता. मटण हाडापासून सुटत होतं आणि रस्सा ओठांना चिकटत होता. खोबरं नाही, टोमॅटो नाही, कांद्याचं वाटण नाही. मग दाटपणा आला कुठून?

दुसऱ्या दिवशी लेक आणि बाळ झोपल्यावर मी आपल्या हुशारीनं प्रयोग केला. तिथली करी पावडर आणलेली होतीच. तेल कडकडीत तापवलं आणि आपण फोडणीत हळद-तिखट टाकतो तशी चार चमचे पावडर भस्सकन टाकली. एका क्षणात काळी! घरभर ठसका. लेक उठली, बाळ उठलं. टाकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून मी त्यात मटण लोटलं आणि कडूपणा झाकायला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलं. जे झालं ते ना कोल्हापूरचं ना कूवाचं. वासानं आजींनी नातवाला पाठवलं, काय जळलं बघून ये म्हणून. मागोमाग स्वतःच आल्या. पातेल्यात डोकावल्या, काही बोलल्या नाहीत. ''उद्या सकाळी ये,'' एवढंच म्हणाल्या.

सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात मी वही घेऊन बसले. त्या करत होत्या, मी लिहीत होते. मधेच त्यांनी मान वर करून विचारलं, ''इंडियात तुम्ही असंच करता ना?''

आणि मी पटकन बोलून गेले, ''नाही हो आजी. आमच्याकडे असं नसतं. आमच्याकडे खोबरं लागतं, खसखस लागते, गरम मसाला वेगळा. हे काही इंडियातलं नाही.''

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा ढवळायला लागल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, ''मग माझी आजी कुठून शिकली?''

मला उत्तर देता येईना. त्या माऊलीच्या घराण्यात शंभरावर वर्षं कुणी भारत पाहिलेला नव्हता. आजोबांच्या नावाचा करारपत्राचा एक कागद, सरकारी दप्तरातून मिळवलेली नक्कल, त्यांनी देवाच्या फोटोमागं जपून ठेवला होता. त्यावर जिल्हा बस्ती, ठाणं, गावाचं नाव, बापाचं नाव, वय, उंची आणि अंगावरची खूण एवढंच होतं. गावाचं नाव इंग्रजी कारकुनानं असं काही लिहिलेलं की मलाही लागलं नाही. त्या घराला भारताशी बांधणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या होत्या, तो कागद आणि ही कढई. आणि कढई मी एका वाक्यात काढून घेतली होती.

रात्रभर मला ते लागून राहिलं. बाळाला मांडीवर घेऊन हलवताना एकदम आठवलं. ह्यांची नोकरी रेल्वेत असताना आम्ही भुसावळला क्वार्टर्समध्ये होतो. शेजारी बलियाकडचं कुटुंब. त्या भाभी मटण करायच्या तेव्हा हळद, धने, जिरं, मिरं असं पाट्यावर वाटून वाटीत पाण्यात कालवायच्या, आणि तो गोळा तेलात टाकून परतत बसायच्या. ''अच्छे से भूनो, बहनजी,'' म्हणायच्या. मी तेव्हा मनात नाकही मुरडलं होतं, की ह्यांना वाटण माहीत नाही! आता त्रिनिदादच्या आजी ज्या पायरीला 'भुंजे' म्हणत होत्या, ती तीच की! भूंजना, भूनना. मीच आमच्या सांगलीला इंडिया समजून बसले होते.

सकाळी उठून कुंपणापाशी गेले आणि त्यांना हे सांगितलं. भुसावळच्या भाभींचं, पाण्यात कालवलेल्या मसाल्याचं, 'भूनो'चं. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ''बलिया माझ्या बस्तीपासून लांब का?'' जावयांनी मोबाइलवर नकाशा काढून दोन्ही ठिकाणं दाखवली. एकाच मुलखातली. आजी बराच वेळ त्या काचेवर बघत होत्या. नंतर आत गेल्या आणि बाहेर येताना माझ्या हातात एक खुडलेली फांदी ठेवली. ''हे लाव. ह्याच्याशिवाय होत नाही.''

जाड, लवदार, कातरलेल्या कडांची पानं. वास घेतला तर चक्क आपला पानओवा! ज्याची आपण बेसनात बुडवून भजी करतो तोच. तिथं त्याला मोठ्या पानांचा थाइम म्हणतात आणि मटणाला लावायच्या हिरव्या वाटणात घालतात.

आता कृती. एक किलो बोकडाचं मटण घ्या, हाडांसकट, लहान तुकडे करून. खाटकाला मांडी, खांदा आणि थोडी मान असं मिसळून द्यायला सांगा. नुसत्या मऊ मासाचा हा पदार्थ नाही, रश्श्याचा चिकटपणा हाडांतूनच येतो. (परदेशात असाल तर दुकानात 'गोट' म्हणून मागा, मटण म्हटलं तर मेंढीचं देतात.) एकदा धुऊन अर्ध्या लिंबाचा रस चोळा आणि पाच मिनिटांनी पाण्यातून काढा.

हिरवं वाटण असं: लसणाच्या दहा पाकळ्या, मूठभर कोथिंबीर देठांसकट, दोन-तीन कांद्याच्या पाती, पानओव्याची तीन पानं आणि बिया काढलेली एक भावनगरी मिरची. तिथं कोथिंबिरीऐवजी लांब, काटेरी कडांचं एक पान घालतात. जुनी माणसं त्याला बनधनिया म्हणतात, म्हणजे रानातली कोथिंबीर. वास कोथिंबिरीचाच पण चौपट. आपण कोथिंबीर थोडी जास्त घ्यावी, भागतं. वाटण मटणाला चोळून, दीड चमचा मीठ आणि पोह्याचा एक चमचा करी पावडर लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन तास तरी. आदल्या रात्री लावलंत तर फारच छान.

करी पावडर विकतची मिळते, पण घरी केलेली मला बरी वाटते. पोह्याच्या चमच्यानं सहा चमचे धने, दोन चमचे जिरे, एक चमचा बडीशेप. चहाच्या चमच्यानं एक चमचा मिरे, अर्धा चमचा मेथी, अर्धा चमचा मोहरी. हे नुसतं कोमट होईतो गरम करायचं, आपण मसाला भाजतो तसं खमंग नाही. बारीक दळून त्यात पोह्याचे दोन चमचे हळद मिसळा. हळद जास्त वाटेल, वाटू द्या. लाल तिखट अजिबात नाही. तिखटपणा मिरचीतून येतो, मसाल्यातून नाही, हे त्या स्वयंपाकाचं वेगळेपण आहे. ही पूड दोन वेळच्या मटणाला पुरते.

आता ज्या पायरीला मी फसले ती. पोह्याचे तीन चमचे पावडर वाटीत घेऊन अर्धी वाटी पाण्यात कालवा, भज्याच्या पिठाइतपत सैल. जाड बुडाच्या कढईत तीन मोठे चमचे तेल तापवा. त्यात ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या आणि एक लहान चिरलेला कांदा तांबूस होऊ द्या. मग आच मध्यम करून कालवलेला मसाला ओता. चर्र होईल, फसफसेल, घाबरू नका. ढवळत राहा. आधी तो पिठल्यासारखा दाटतो, मग पाणी उडतं, मसाला रवाळ दिसायला लागतो आणि कडेनं तेल सुटतं. रंग पिवळ्याचा गडद होतो, हळदीचा कच्चा वास जाऊन भाजल्याचा वास येतो. चार-पाच मिनिटं लागतात. पाण्यामुळं मसाला एकदम जळत नाही, पाणी असेपर्यंत शिजतो आणि पाणी गेल्यावर तळला जातो. कोरडी पावडर कडकडीत तेलात का काळी पडली, ते मला तेव्हा समजलं. इथं घाई केलीत तर पुढं तीन तास शिजवूनही कच्चट चव जात नाही.

लगेच मटण घाला आणि आच मोठी करा. पाणी घालायचं नाही. आणि हो, कुकरला हात लावायचा नाही! मटणाला स्वतःचं पाणी सुटेल. झाकण ठेवून पंधरा मिनिटं त्या पाण्यात शिजू द्या, मग झाकण काढून ते पाणी पूर्ण आटवा. तळाला लागायला लागेल, तेव्हा उलथन्यानं खरवडून वर घ्या. असं दोन-तीनदा. तुकडे मसाल्यानं माखून चकचकीत दिसू लागले आणि तेल वेगळं झालं की 'भुंजे' झालं. एकूण अर्धा तास जातो. त्या वेळात कणीक मळून होते, पण नजर कढईवर हवी. मी एकदा फोन घ्यायला गेले आणि तळ धरला.

यानंतर मटण बुडून वर बोटभर येईल इतकं उकळतं पाणी घाला. आजी पाण्यात एक काँगो मिरची अख्खी सोडत. ती टोपीसारखी, गोलसर, भयंकर तिखट आणि वासाची असते. फळासारखा वास यायचा तो हिचा. ती नुसती तरंगत ठेवायची, फुटली तर जेवण कुणाला जायचं नाही. मटण शिजल्यावर अलगद काढून बाजूला. आपल्याकडे ती सहसा मिळत नाही. मी चार जाड हिरव्या मिरच्या देठासकट अख्ख्या सोडते. तो वास येत नाही, तिखटपणा येतो. आच मंद करून झाकण ठेवा, दीड तास तरी लागतो, बोकड जून असेल तर दोन. गॅसची काळजी असेल तर या पायरीला मात्र कुकर चालेल, मंद आचेवर चार-पाच शिट्ट्या, पण मग झाकण काढून दहा मिनिटं उघडं उकळू द्या, नाहीतर रस्सा पाणचट राहतो. अर्ध्या शिजवणीला दोन बटाटे मोठ्या फोडी करून घातले तरी चालतात. आजी घालायच्या, कारण घरात माणसं बारा आणि मटण दोन किलो! कुकर लावलात तर बटाटे शेवटी.

उतरवण्यापूर्वी एक चहाचा चमचा जिरे कोरडे, अगदी काळपट तपकिरी होईतो भाजून, कुटून घाला. इथं खमंगपणा येतो. वर कोथिंबीर, आणि दहा मिनिटं झाकून.

तिथं हे दालपुरीबरोबर खातात. दालपुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. पिवळ्या वाटाण्याची डाळ बोटचेपी शिजवून, कोरडी वाटून, जिरं-लसूण-मिरची घालून पोळीत भरतात. नाहीतर मोठा पदर सुटणारा पराठा करून तव्यावरच लाकडी उलथन्यांनी बडवून फाडतात, आणि त्याला 'फाटका शर्ट' म्हणतात. आपण साध्या घडीच्या पोळ्या कराव्यात किंवा गरम भात. ज्वारीच्या भाकरीबरोबर मी करून पाहिलं, पण भाकरीला आपला झणझणीत तांबडा रस्साच शोभतो असं माझं मत झालं. ह्यांचं मत उलट आहे.

हेच मटण जमैकातही होतं. तिथंही 1845 पासून अशीच जहाजं गेली. तिथल्या कृतीत बारीक पानांचा थाइम आणि लवंग-दालचिनीसारख्या वासाचं ऑलस्पाइस नावाचं फळ पडतं. तिथं भारतीय वंशाची माणसं आता अगदी थोडी उरली आहेत, पण लग्न असो की मयतानंतरची रात्र, बोकडाची करी सगळ्याच जमैकन घरांत लागते. ऑलस्पाइस मिळालं तर चार दाणे घालून बघा, मिळालं नाही तर त्रिनिदादचीच कृती करा.

एक विनंती मात्र आहे. पहिल्या खेपेला यात काही सुधारणा करू नका. खोबरं नको, गोडा मसाला नको, रंगासाठी काश्मिरी तिखट नको. मला माहीत आहे, हात शिवशिवतात. माझ्या जाऊबाईंनी गेल्या खेपेला मी पाठ फिरवल्यावर चमचाभर कांदा-लसूण मसाला घातलाच, आणि वर म्हणाल्या, ''आता कसं मटण लागतंय!'' लागलं खरं चांगलं, पण ते सांगलीचं लागलं.

सहा महिने राहून मी परत आले. दोन वर्षांनी जावयांनी नोकरी बदलली आणि लेकही पुण्याला आली. आजींचा नातू अधूनमधून व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. त्या नेहमी आधी बाळाची चौकशी करत आणि मग विचारत, ''बस्तीला गेलीस का?'' मी दरवेळी म्हणे, ''अजून नाही, आजी.'' 2019 साली त्या गेल्या, तोवर माझं बस्तीला जाणं झालं नव्हतं. अजूनही झालेलं नाही.

ती फांदी काही विमानातून आणता आली नाही. पण पानओवा आपल्याकडे कुठंही मिळतो. कुंडीत एक कांडी खोचली आणि पाणी बेतानं घातलं की महिनाभरात धरते. ऊन अर्धा दिवस पुरे. मटण उरलं तर दुसऱ्या दिवशी रस्सा आणखी आळतो, तेव्हा त्यात थोडं गरम पाणी आणि उकडलेला बटाटा घालून एक उकळी आणा. आमच्या घरी मुलं पहिल्या दिवसापेक्षा त्याचीच वाट बघतात.